पाळीव कुत्र्यांना नेमके काय आवडते? रोजच्या सवयी आणि त्यांमागील शास्त्र

भिलाई (छत्तीसगड) : पहाटेच्या फेरफटक्यात प्रत्येक खांबापाशी थांबणे, अंगणातील ओली माती उकरणे, जुनी चप्पल कुरतडणे, दुचाकीचा आवाज ओळखून फाटकाकडे धावणे. पाळीव कुत्रा असलेल्या घराला ही दृश्ये रोजचीच असतात. मालकाला यांतील काही सवयी गोड वाटतात, तर काही त्रासदायक. प्राणिवर्तनशास्त्राच्या दृष्टीने मात्र या सर्व कुत्र्याच्या मूलभूत गरजा आहेत. पोटभर अन्न, लसीकरण आणि निवारा यांनी कुत्रा जगतो. तो समाधानी राहावा यासाठी हुंगणे, चघळणे, खेळणे, शोधणे आणि सोबत या गोष्टीही त्याला दररोज मिळाव्या लागतात.

दुर्ग जिल्ह्यातील भिलाई हे शहर सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्यामुळे वाढले. १९५५ मध्ये या प्रकल्पाचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या विविध प्रांतांतून आलेल्या कामगारांसाठी सेक्टरवार वसाहत वसवण्यात आली. रुंद रस्ते, झाडांच्या रांगा आणि अनेक घरांपुढे अंगण अशी तिची रचना आहे. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडशी नाते असलेल्या मराठी कुटुंबांत कारखान्याच्या नोकऱ्यांमुळे नव्या कुटुंबांची भर पडली. दत्ताच्या तसबिरीतील चार श्वानांना आणि खंडोबाच्या सोबतीच्या कुत्र्याला हात जोडणाऱ्या या समाजाला कुत्रा परका नाही. तरीही ‘राखणीसाठी पाळलेला’ म्हणून दिवसभर फाटकाशी साखळीने बांधलेला कुत्रा येथेही दिसतो आणि महाराष्ट्रातही. अशा कुत्र्याच्या आयुष्यात कशाची उणीव राहते, हे त्याच्या आवडीनिवडी समजून घेतल्यावरच कळते.

हुंगणे : कुत्र्याचे वर्तमानपत्र

माणूस जग मुख्यतः डोळ्यांनी जाणतो, कुत्रा नाकाने. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी सुमारे ५० ते ६० लाख असतात. कुत्र्यात जातीनुसार त्यांची संख्या २० ते ३० कोटींच्या घरात जाते. एखाद्या खांबापाशी कोणता कुत्रा येऊन गेला, तो नर होता की मादी, किती वेळापूर्वी आला होता, अशी माहिती कुत्र्याला गंधातून मिळू शकते. त्यामुळे फिरायला नेलेला कुत्रा दहा पावलांवर थांबतो तेव्हा तो वेळ वाया घालवत नसतो. फिरण्यातील त्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग तोच असतो.

शार्लट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाळीव कुत्र्यांचे दोन गट केले होते. एका गटाला दोन आठवडे वासावरून खाऊ शोधण्याचा सराव देण्यात आला, तर दुसऱ्याला मालकाच्या पायाशी शिस्तीत चालण्याचा. त्यानंतर अनिश्चित परिस्थितीत ठेवले असता वास घेण्याचा सराव केलेली कुत्री अधिक आशावादी वागली. नाकाला काम मिळाल्याने कुत्र्याची मनःस्थिती सुधारते, असा या निष्कर्षाचा अर्थ आहे.

याच क्षमतेवर माणसानेही मोठा भरवसा ठेवला आहे. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या पथकातील ‘जंजीर’ या लॅब्राडोर कुत्र्याने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून काढण्यास मदत केली होती. घरच्या कुत्र्याला असे काम नसले, तरी नाक तेच असते. म्हणून दिवसातील किमान एका फेरफटक्यात वेग आणि अंतर मालकाने न ठरवता कुत्र्याला ठरवू द्यावे, पट्ट्याची दोरी थोडी सैल सोडावी आणि हिसडा देऊन ओढणे टाळावे, असा सल्ला पशुवर्तन-अभ्यासक देतात. अर्धा तास हुंगत चालल्यावर कुत्रा अनेकदा लांब पल्ल्याच्या धावण्याइतकाच शांत होतो.

चघळणे, चाटणे, उकरणे

पिल्लू साधारण तीन ते सहा महिन्यांचे असताना त्याचे दुधाचे दात पडून कायमचे दात येतात. हिरड्या शिवशिवत असल्याने या काळात ते दिसेल ते चावते. मोठेपणीही चघळण्याची ओढ संपत नाही. चघळणे आणि चाटणे या संथ, तालबद्ध क्रियांनी कुत्रा स्वतःला शांत करतो. त्यामुळे ‘चावू नको’ असे बजावण्यापेक्षा ‘हे चाव’ असे सांगणारी वस्तू पुढे ठेवणे अधिक परिणामकारक ठरते. मजबूत रबरी खेळणी, जाड दोरखंडाची गाठ, थंड गाजराचा मोठा तुकडा हे त्यासाठी चांगले पर्याय आहेत. शिजवलेली हाडे मात्र देऊ नयेत. त्यांचे टोकदार तुकडे होऊन घसा किंवा आतडे जखमी होऊ शकते.

चप्पल कुरतडून झाल्यावर मालक घरी आला की कुत्रा मान खाली घालतो, कान पाडतो, नजर चुकवतो. ‘याला चूक कळली आहे’ असे बहुतेक मालक मानतात. होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वेगळेच दिसले. कुत्र्याने मना केलेला खाऊ प्रत्यक्षात खाल्ला होता की नाही, याचा त्या ‘अपराधी’ चेहऱ्याशी संबंध आढळला नाही. मालक रागावल्यावर तो चेहरा दिसत होता, आणि निर्दोष कुत्रीही तसाच चेहरा करत होती. तो मालकाच्या रागापुढे पत्करलेला नमतेपणा असतो. तासाभरापूर्वीच्या चुकीसाठी दिलेल्या शिक्षेतून कुत्रा फक्त मालकाला घाबरायला शिकतो.

उकरण्याची सवयही अशीच जुनी आहे. कुत्र्यांचे रानटी पूर्वज अन्न पुरून ठेवत, बिळे खणत. उन्हाळ्यात गार मातीत पोट टेकून बसता यावे म्हणूनही कुत्रा खड्डा करतो. ज्यांना अंगण आहे त्यांनी एका कोपऱ्यात भुसभुशीत मातीचा चौकोन राखून ठेवावा आणि त्यात खेळणे पुरावे. तिथे उकरल्यावर शाबासकी मिळू लागली की बाकीची फुलझाडे बरीचशी वाचतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना जुन्या चादरीच्या घड्यांत खाऊ लपवून हीच हौस भागवता येते.

खेळ : हरणे, जिंकणे आणि वाकून निमंत्रण

पुढचे पाय जमिनीला टेकवून आणि मागचा भाग वर ठेवून कुत्रा समोरच्यापुढे वाकतो, ते खेळाचे निमंत्रण असते. यानंतरची झटापट, गुरगुरणे आणि हलके चावे खोटे आहेत, हे त्या एका हालचालीतून तो सांगतो. अमेरिकी प्राणिवर्तनशास्त्रज्ञ मार्क बेकॉफ यांनी या इशाऱ्याचा विस्तृत अभ्यास केला आहे.

कुत्र्याबरोबर रस्सीखेच खेळल्यास किंवा त्यात त्याला जिंकू दिल्यास तो डोक्यावर बसतो, असा समज आपल्याकडे आहे. ब्रिटनमधील संशोधकांनी गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांवर केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या समजाला आधार मिळाला नाही. खेळ जिंकल्याने त्या कुत्र्यांमध्ये वरचढपणा वाढलेला दिसला नाही. ‘सोड’ म्हटल्यावर दोरी सोडणे एवढा एक नियम पाळला, की हा खेळ निर्धोक ठरतो.

चेंडूच्या निवडीतही शास्त्र आहे. कुत्र्याच्या डोळ्यांत रंग टिपणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. त्याला निळा आणि पिवळा रंग नीट दिसतो, लाल आणि हिरव्यातील फरक मात्र जवळपास कळत नाही. गवतावर फेकलेला लाल चेंडू त्याला डोळ्यांनी सहज सापडत नाही, निळा सापडतो. धावून चेंडू आणण्याचा खेळ मात्र मर्यादेत असावा. पन्नास वेळा चेंडू फेकल्याने कुत्रा शांत होण्याऐवजी अधिक उत्तेजित होऊ शकतो. वाढत्या वयाच्या पिल्लाच्या आणि म्हाताऱ्या कुत्र्याच्या सांध्यांवरही त्याचा ताण येतो.

आयत्या अन्नापेक्षा कमावलेला घास

वाडग्यातील जेवण कुत्रा दोन मिनिटांत संपवतो आणि उरलेला दिवस त्याला काम राहत नाही. स्वीडनमधील कृषी विद्यापीठात बीगल जातीच्या कुत्र्यांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही कुत्र्यांना एखादे यंत्र चालवून बक्षीस मिळवण्याची संधी दिली गेली, तर इतरांना तेच बक्षीस काही न करता मिळाले. स्वतःच्या प्रयत्नाने बक्षीस मिळवणारी कुत्री अधिक शेपूट हलवत होती आणि प्रयोगाच्या खोलीत जायला अधिक उत्सुक होती.

हे तत्त्व घरात वापरायला खर्च लागत नाही. रोजच्या जेवणातील मूठभर कोरडे खाद्य गवतात विखुरणे, पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाच्या बोळ्यांखाली घास लपवणे, घरभर चार ठिकाणी थोडे थोडे ठेवून ‘शोध’ म्हणणे, एवढ्यानेही कुत्र्याची पंधरा-वीस मिनिटे रमण्यात जातात. पावसामुळे बाहेर पडता येत नसेल तेव्हा हा उपाय विशेष उपयोगी पडतो. घरात दोन किंवा अधिक कुत्री असल्यास प्रत्येकाला वेगळ्या जागी खेळवावे, अन्यथा भांडणे होतात.

तीन पाळ्यांचे शहर आणि कुत्र्याचे घड्याळ

कुत्र्याला ठरलेला दिनक्रम आवडतो. अन्न देण्यापूर्वी ठरावीक आवाज ऐकवत राहिल्यास पुढे केवळ त्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी दाखवून दिले. घरातील कुत्राही असेच शेकडो संकेत जोडून ठेवतो. किल्ल्यांचा खणखणाट म्हणजे मालक जाणार, कपाटाचे दार म्हणजे पट्टा निघणार, ओळखीच्या दुचाकीचा आवाज म्हणजे माणूस परतला. पुढे काय घडणार हे ठाऊक असणे हाच त्याच्यासाठी मोठा दिलासा असतो.

भिलाईसारख्या कारखान्याच्या शहरात हा दिलासा टिकवणे सोपे नसते. कामगाराची पाळी बदलली की घराचे जेवणाचे, झोपेचे आणि फिरण्याचे वेळापत्रक बदलते आणि कुत्र्याचेही. अशा घरांनी घड्याळाऐवजी क्रम कायम ठेवावा. फेरफटका, मग पाणी, मग जेवण, मग विश्रांती हा क्रम रोज सारखा राहिला तर वेळ दोन तासांनी पुढेमागे झाल्याचा त्रास कमी होतो. रात्रपाळीहून परतलेल्या माणसाला झोप हवी असते, तर रात्रभर वाट पाहिलेल्या कुत्र्याला सोबत. अशा वेळी सकाळचा फेरफटका घरातील दुसऱ्या व्यक्तीकडे कायमचा सोपवणे सोयीचे ठरते.

दिवसभर एकटा राहणारा कुत्रा सतत भुंकणे, दार ओरबाडणे, स्वतःचे पंजे चाटून जखमा करणे अशा मार्गांनी आपला ताण व्यक्त करतो. पिल्लाला सुरुवातीला पाच मिनिटे, मग पंधरा, मग अर्धा तास अशा टप्प्यांनी एकटे राहण्याची सवय लावल्यास ही वेळ बऱ्याच अंशी टाळता येते.

स्पर्श, शब्द आणि नजर

कुत्र्याला माणसाची सोबत अन्नासाठीच हवी असते, ही समजूत भारतातील एका संशोधनानेही खोडून काढली आहे. कोलकाता येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरील कुत्र्यांवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी माणसाने वारंवार खाऊ दिला, त्यापेक्षा वारंवार मायेने थोपटले तेव्हा या कुत्र्यांचा विश्वास अधिक वाढला. उपाशीपोटी हिंडणाऱ्या कुत्र्यांनाही स्पर्शाची अशी ओढ असेल, तर घरातील कुत्र्याची ओढ सहज समजू शकते.

जपानमधील संशोधकांनी २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढते. आई आणि तान्ह्या बाळाचे नाते घट्ट करण्यात याच संप्रेरकाचा वाटा असतो. हंगेरीतील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की कुत्र्याचा मेंदू शब्द आणि स्वर यांचा वेगवेगळा विचार करतो. कौतुकाचा शब्द कौतुकाच्याच स्वरात उच्चारला, तरच मेंदूतील आनंदाशी निगडित भाग अधिक उद्दीपित होतो. घुश्शात म्हटलेल्या ‘शाब्बास’चा उपयोग नसतो, हे त्यावरून स्पष्ट होते.

स्पर्शाचीही रीत असते. अनेक कुत्र्यांना घट्ट मिठी मारलेली किंवा डोक्यावर वरून हात आलेला आवडत नाही. छाती, हनुवटीखालचा भाग आणि कानांच्या मागे हलक्या हाताने खाजवलेले बहुतेकांना रुचते. काही क्षण थोपटून हात मागे घ्यावा. कुत्रा जवळ सरकला तर त्याला आणखी हवे आहे, तोंड फिरवले, ओठ चाटले किंवा जांभई दिली तर तेवढे पुरे आहे. लहान मुलांना ही खूण शिकवली तर चाव्याचे अनेक प्रसंग टळतात.

शेपूट हलणे म्हणजे नेहमीच आनंद नव्हे. इटलीतील संशोधकांच्या २००७ मधील अभ्यासात, मालक दिसल्यावर कुत्र्यांची शेपूट त्यांच्या उजव्या बाजूला अधिक झुकत होती, तर अनोळखी आक्रमक कुत्रा दिसल्यावर डाव्या बाजूला. शेपूट ताठ उंचावून भराभर हलत असेल आणि अंग आखडलेले असेल, तर तो इशारा समजावा.

झोपही हवी

प्रौढ कुत्रा दिवसातील साधारण १२ ते १४ तास झोपतो. पिल्ले १८ तासांपर्यंत झोपतात. झोपेत पाय हलवणारा, बारीक आवाज काढणारा कुत्रा स्वप्नावस्थेच्या झोपेत असण्याची शक्यता असते, त्याला हलवून उठवू नये. ये-जा नसलेल्या जागी अंथरूण असावे आणि तिथे गेलेल्या कुत्र्याला कोणी त्रास देऊ नये. पाहुण्यांनी गजबजलेल्या घरात अशी हक्काची जागा त्याला फार मोलाची वाटते.

ऊन, पाऊस आणि फटाके

छत्तीसगडच्या मैदानी भागात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. कुत्र्याचे सर्वसाधारण तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असते आणि माणसासारखा अंगभर घाम त्याला येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच शरीर थंड करण्याचा त्याचा मुख्य मार्ग असतो. म्हणून उन्हाळ्यात फेरफटका सूर्योदयाच्या सुमारास आणि संध्याकाळी रस्ता निवल्यावरच असावा. हाताची उलटी बाजू डांबरावर पाच ते सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल तर कुत्र्याच्या तळव्यांनाही सोसवणार नाही. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या आणि हस्कीसारख्या दाट केसांच्या जातींना धोका अधिक असतो.

जोरात धापा, चिकट लाळ, गडद लाल हिरड्या, झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी कुत्र्याला सावलीत न्यावे, साध्या गार पाण्याने अंग भिजवावे, पंखा लावावा आणि तातडीने पशुवैद्यकाकडे न्यावे. उथळ घमेल्यातील पाण्यात डुंबणे ही अनेक कुत्र्यांची आवडती करमणूक असते, मात्र काही कुत्र्यांना पाणी आवडत नाही. त्यांना जबरदस्तीने भिजवू नये.

पावसाळ्यात फेरफटक्यानंतर पंजे कोरडे करून कानांमागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी तपासाव्यात. गोचिडींमुळे रक्ताचे गंभीर आजार होतात. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने कुत्री सैरावैरा पळतात. अंधार पडण्यापूर्वी फिरवून आणावे, खिडक्या बंद ठेवाव्यात आणि ते लपून बसले तर ओढून बाहेर काढू नये.

लाडाचा घास जपून

मराठी घरात ताटातील घास कुत्र्याला देणे हा मायेचा भाग समजला जातो. दहीभात, उकडलेले अंडे, बिनतिखट वरण असे पदार्थ बहुतेक कुत्र्यांना प्रमाणात चालतात. कांदा आणि लसूण मात्र त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशींना इजा करतात, म्हणून कांदेपोहे किंवा फोडणीची आमटी देऊ नये. शिऱ्यातील आणि लाडवातील मनुका, तसेच द्राक्षे यांमुळे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. चॉकलेट आणि साखरेऐवजी झायलिटॉल असलेले पदार्थही विषारी ठरतात. आंब्याची कोय चघळताना आतड्यात अडकण्याचा धोका असतो.

कायद्यानेही मान्य केलेली गरज

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम ११ नुसार प्राण्याला अवाजवी काळ आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. याच कलमात कुत्र्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. नेहमी साखळीने बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणारा मालक क्रूरतेच्या गुन्ह्यास पात्र ठरतो. पहिल्या गुन्ह्यासाठी दंड मात्र केवळ १० ते ५० रुपये आहे. त्यामुळे कायद्याच्या धाकापेक्षा मालकाची समजच येथे महत्त्वाची ठरते.

मालकाची जबाबदारी शेजाऱ्यांप्रतिही असते. रेबीजची पहिली लस पिल्लाला तीन महिन्यांच्या सुमारास आणि पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्यानुसार नियमित द्यावी. सार्वजनिक ठिकाणी पट्टा लावावा, विष्ठा उचलावी आणि स्थानिक संस्थेच्या नोंदणीचे नियम पाळावेत. भिलाईच्या परिसरात दुर्गजवळील अंजोरा येथे पशुवैद्यक महाविद्यालय असून ते २०१२ मध्ये स्थापन झालेल्या कामधेनु विश्वविद्यालयाशी संलग्न आहे. वर्तनात अचानक बदल झाला, आवडता खेळ किंवा खाणे कुत्र्याने सोडले, तर तो हट्ट न समजता पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. दुखणे हे त्यामागचे कारण असू शकते.

रोजचा हिशेब

कुत्र्याच्या समाधानासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. दोन फेरफटके आणि त्यांपैकी एक निवांत हुंगण्याचा, दहा-पंधरा मिनिटांचा खेळ, चघळायला एखादी सुरक्षित वस्तू, शोधून मिळवलेला एक घास, पुरेशी अखंड झोप आणि घरातील माणसांचा सहवास एवढी ही यादी आहे. सर्व मिळून माणसाचे साधारण दीड-दोन तास जातात. कुत्र्याचे आयुष्य बहुधा १० ते १५ वर्षांचे असते. राखणीसाठी आणलेला कुत्राही हा वेळ मिळाल्यावर राखण विसरत नाही. उलट घरच्यांशी जोडलेला आणि बाहेरच्या जगाची सवय असलेला कुत्रा अकारण भुंकत किंवा चावत सुटत नाही, आणि फाटकावरच्या खऱ्या परक्याची चाहूल तोच आधी देतो.